आधी प्रीअँप घ्यावा की कन्व्हर्टर? त्याआधी ‘सूं’चा पत्ता शोधा

प्रश्न: मी घरातल्या एका खोलीत गाणं आणि अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करते. माझ्याकडे दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस आहे, त्याच्या माहितीपत्रकात गेन ५६ डीबी लिहिलाय. माइक शुअर एसएम७बी. माझं गाणं हळुवार आहे. गेनचा नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी आवाज लहानच येतो, आणि मिक्स करताना वाढवला की मागे ‘सूं’ ऐकू येते. कधीकधी एक बारीक किर्र आवाजही येतो. एक जण म्हणतो, वेगळा ट्यूब प्रीअँप घे. दुसरा म्हणतो, इंटरफेसचे कन्व्हर्टर सुमार असतात, आधी वेगळा कन्व्हर्टर घे आणि १९२ किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड कर. एक वापरलेला ट्यूब प्रीअँप मिळतोही आहे. आधी काय घेऊ?

उत्तर: नमस्कार. प्रीअँप म्हणजे माइकचा अशक्त सिग्नल मोठा करणारा भाग (किती मोठा करतो तो गेन), आणि कन्व्हर्टर म्हणजे त्या सिग्नलचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारा. तुमच्या इंटरफेसमध्ये दोन्ही आहेतच. सध्या दोन्हीपैकी वेगळं काहीच घेऊ नका. घ्यायचंच झालं तर प्रीअँप आधी, कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी, आणि १९२ किलोहर्ट्‌झ डोक्यातून काढून टाका. तुमच्या पत्रात माइकचं नाव आणि गेनचा आकडा दोन्ही आहेत, त्यामुळे अंदाजपंचे बोलायची गरज नाही. गणितच मांडू.

साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डीबी भरतं. माइक तोंडापासून १० सेंटिमीटरवर, म्हणजे एक मूठ अंतरावर आणला की तेच ८० डीबी होतं. हळुवार गाणं याच्या आसपासच असतं, म्हणून ८० धरू. एसएम७बी हा माइक ९४ डीबीच्या आवाजाला १.१२ मिलिव्होल्ट देतो. ८० डीबीला त्यातून निघतात जेमतेम ०.२२ मिलिव्होल्ट. डीबीयू या सिग्नलच्या व्होल्टेजच्या मापात हे उणे ७१ झाले. इतका अशक्त सिग्नल देणारे माइक थोडेच असतात, म्हणून तुमचा नॉब शेवटाला टेकतोय. इंटरफेस बिघडलेला नाही.

आता गेन सगळ्यात खाली असताना तुमचा इंटरफेस अधिक १० डीबीयूला फुल होतो असं धरू. नेमका आकडा माहितीपत्रकात माइक इनपुटची कमाल पातळी म्हणून दिलेला असतो, तो तिथून घ्या. ५६ डीबी गेन दिल्यावर तुमचा आवाज सरासरी उणे २५ डीबीएफएसवर बसतो आणि वरच्या सुरांना उणे १२ च्या आसपास जातो. डीबीएफएस हे कॉम्प्युटरच्या मीटरवरचं माप, त्यात शून्य म्हणजे छप्पर, त्याच्या वर आवाज फाटतो.

पहिली गल्लत इथेच होते. मीटर खालच्या हिरव्यात घुटमळताना दिसला की रेकॉर्डिंग कमी पडलं असं वाटतं. पण २४ बिटमध्ये उणे २५ ही चांगली पातळी आहे. वेव्हफॉर्म स्क्रीनवर बारीक दिसला म्हणून काही हरवत नाही. रेकॉर्ड झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये ७ डीबी वाढवा, म्हणजे ६३ डीबी गेनच्या महागड्या प्रीअँपने जी पातळी मिळाली असती तीच हातात येते. राहिला प्रश्न ‘सूं’चा. आवाजाबरोबर तीही वाढते, हे खरं. पण ती नेमकी कुणाची?

इंटरफेसमधल्या आजच्या बऱ्यापैकी प्रीअँपची स्वतःची सूं इनपुटपाशी मोजली तर उणे १२८ डीबीयूच्या आसपास असते. ५६ डीबी गेननंतर ती उणे ८२ डीबीएफएसवर येते. साध्यासुध्या कन्व्हर्टरची डायनॅमिक रेंज, म्हणजे छपरापासून त्याच्या स्वतःच्या सूंपर्यंतचं अंतर, ११० डीबी धरली तर त्याची सूं उणे ११० वर. आणि खोली? रात्रीची शांत, पंखा बंद असलेली खोली ३० डीबी धरली, तर ती तुमच्या ८० डीबीच्या आवाजापेक्षा ५० डीबीने खाली, म्हणजे उणे ७५ वर. पंखा चालू असला, कॉम्प्युटर घरघरत असला, तर ४० डीबी सहज होतात आणि हाच आकडा उणे ६५ वर चढतो.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहून भिंतीवर चिकटवावेत असे आहेत: खोली उणे ७५, प्रीअँप उणे ८२, कन्व्हर्टर उणे ११०. कन्व्हर्टर बदला म्हणणारे गृहस्थ तिसऱ्या नंबरच्या आरोपीला फाशी द्यायला निघालेत. तो पहिल्यापेक्षा ३५ डीबीने गरीब आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

अर्थात हे धरलेले आकडे. तुमच्या खोलीतले खरे आकडे तुम्ही तासाभरात काढू शकता, आणि ते काढल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका.

त्यासाठी एक एक्सएलआर मेल प्लग (माइकच्या केबलला असतो तसा तीन पिनांचा) आणि १५० ओहमचा एक मेटल फिल्म रेझिस्टर लागेल. प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये तो रेझिस्टर डाग देऊन जोडा, १ नंबर मोकळी ठेवा आणि प्लगचं धातूचं कवच घट्ट बसवा. एसएम७बीचा स्वतःचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १५० ओहमच आहे, तेव्हा प्रीअँपला हा प्लग म्हणजे पूर्ण बहिरा झालेला तुमचाच माइक वाटतो. नुसतं काहीच न जोडता इनपुट मोकळा ठेवून मोजू नका. मोकळ्या इनपुटची सूं माइक लावल्यावरच्यापेक्षा जास्त येते, आणि कित्येक चांगले इंटरफेस याच चुकीच्या चाचणीमुळे बदनाम होतात.

फँटम (इंटरफेस माइकच्या केबलमधून पाठवतो ती ४८ व्होल्टची वीज) बंद करा, स्पीकर बंद करा. गेन नेहमी गाताना ठेवता तिथेच. आधी माइक नेहमीच्या जागी लावून, तुम्ही समोर गप्प उभं राहून ३० सेकंद रेकॉर्ड करा. मग माइक काढून तो प्लग लावा, नॉबला हात न लावता आणखी ३० सेकंद. दोन्ही ट्रॅकवर ८० हर्ट्‌झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे सूर कापणारा, लावा. हे विसरू नका, कारण रस्त्यावरची आणि जमिनीतून येणारी खालची गडगड कानाला सूं म्हणून ऐकू येत नाही, पण मीटरला फसवते. मग दोन्हींची आरएमएस, म्हणजे सरासरी, पातळी वाचा.

पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा १० डीबी किंवा जास्त वर असेल, तर दोष खोलीचा. तेव्हा जगातला सर्वोत्तम प्रीअँप आणलात तरी एकूण सूं अर्ध्या डीबीनेही कमी होणार नाही, कारण १० डीबीने खाली असलेला आवाज वरच्यात जेमतेम ०.४ डीबीची भर घालतो. फरक ३ डीबीच्या आत असेल, तर प्रीअँप खरोखर तोकडा पडतोय आणि पुढे वाचण्यात अर्थ आहे. मधल्या पट्ट्यात असाल तर दोघांचाही हात आहे, पण स्वस्त इलाज आधी खोलीवर करा.

आता ती बारीक किर्र. ती प्रीअँपचीही नाही आणि खोलीचीही नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. किर्र गेली तर चार्जर, यूएसबी आणि स्पीकर यांच्यातून जमिनीच्या तारेचं वेटोळं तयार झालंय. इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, स्पीकरला बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेली गुणगुण रद्द करणारी) लावा, इंटरफेस हबमधून न घेता थेट लॅपटॉपला जोडा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ कुणी सुचवला तर ऐकू नका, तो जिवावर बेतू शकतो. बॅटरीवरही आवाज राहिला आणि तो किर्रपेक्षा जाड गुणगुण असला, तर माइक हातात धरून जागच्या जागी फिरवून बघा. फिरवताना गुणगुण कमीजास्त झाली की समजा, जवळच्या अडॅप्टरचं चुंबकीय क्षेत्र माइकच्या कॉइलमध्ये शिरतंय. अडॅप्टर मीटरभर लांब सरकवला की काम भागतं.

खोलीच्या इलाजात सगळ्यात मोठा आणि फुकटातला इलाज म्हणजे अंतर. माइक निम्म्या अंतरावर आणला की आवाज ६ डीबीने वाढतो, पण खोलीची आणि प्रीअँपची सूं जागच्या जागी राहते. २० सेंटिमीटरवरून १० वर या, ६ डीबी मिळाले. किती मोठी गोष्ट आहे ही, ते प्रीअँपचे आकडे पाहिल्यावर कळेल, त्याकडे येतोच. जवळ आल्यावर आवाजाचा खर्ज फुगतो. एसएम७बीच्या पाठीमागे खालचे सूर कापायचा स्विच आहे, तो वापरा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा धक्का बसत असेल तर माइक ओठांच्या समोर न ठेवता थोडा बाजूला, गालाच्या रेषेत ठेवून तोंडाकडे वळवा.

तुमचा माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा आहे, पाठीमागून तो सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून कॉम्प्युटर, खिडकी, जे काही आवाज करतं ते माइकच्या पाठीशी येईल असे उभ्या राहा. आणि जाड रजई टांगायची ती तुमच्या पाठीमागे. पुष्कळ लोक फोमचं अर्धगोल कवच माइकच्या मागे लावतात, पण माइक बघत असतो गाणाऱ्याकडे आणि गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीकडे. परतून येणारा आवाज त्या भिंतीवरून येतो.

जाता जाता एक गैरसमज. ‘कंडेन्सर माइक खोली जास्त पकडतो, डायनॅमिक कमी पकडतो’ असं सर्रास म्हटलं जातं. (कंडेन्सर फँटमवर चालतो, डायनॅमिक म्हणजे तुमच्या माइकसारखा कॉइलचा.) अंतर तेच आणि पॅटर्न (कुठल्या दिशेचं ऐकतो ते) तोच असेल, तर गाणं आणि खोली यांचं प्रमाण दोन्हीत जवळपास सारखंच येतं. कंडेन्सरचा सिग्नल मोठा असल्यामुळे खोली आधीच मोठ्याने ऐकू येते, आणि लोक त्यापासून लांब उभे राहून गातात, एवढंच. फरक प्रीअँपच्या बाबतीत मात्र पडतो. रोड एनटी१ सारखा कंडेन्सर ९४ डीबीला ३५ मिलिव्होल्ट देतो, तुमच्या माइकच्या तीसेक पट. त्याला ५६ काय, ३० डीबी गेनही पुरतो आणि प्रीअँपची सूं हिशेबातूनच बाद होते. हळुवार गळा आणि अकूस्टिक गिटार असं काम असेल, तर प्रीअँपवर खर्च करण्यापेक्षा जास्त सिग्नल देणारा, कमी सूंचा दुसरा माइक घेणं हा बहुतेक वेळा शहाणा सौदा ठरतो. विशेषतः गिटारसाठी, कारण गिटारजवळ एसएम७बी एका मुठीवर नेता येत नाही. भोकासमोर नेला की नुसता घुमतो.

चाचणीत प्रीअँपच दोषी निघाला असं समजू. मग माहितीपत्रक कसं वाचायचं?

पाहायचा आकडा इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज, म्हणजे ईआयएन: प्रीअँपची इनपुटपाशी मोजलेली सूं. जितका जास्त उणे तितका चांगला, पण याला तळ आहे. १५० ओहमचा कोणताही रेझिस्टर, म्हणजे तुमच्या माइकची कॉइलसुद्धा, खोलीच्या तापमानाला स्वतःहून सूं करतो. २० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती सुमारे उणे १३१ डीबीयू भरते. विज्ञानाने आखलेली ही लक्ष्मणरेषा कोणत्याही कंपनीला ओलांडता येत नाही. म्हणजे उणे १२८ चा प्रीअँप काढून सर्वगुणसंपन्न, शून्य सूंचा प्रीअँप आणला तरी तुमचा फायदा फार तर ३ डीबी. उणे १२५ चा असेल तर ६ डीबी. आता वर म्हटलेले, माइक १० सेंटिमीटर पुढे सरकवून फुकट मिळालेले ६ डीबी आठवा.

माहितीपत्रकात उणे १३३ किंवा त्याहून भारी आकडा दिसला तर छोट्या अक्षरांत काय लिहिलंय ते बघा. ‘ए-वेटेड’ लिहिलं असेल तर कानाच्या मापाचा फिल्टर लावून आकडा दोनेक डीबीने गोरा केलेला असतो. ‘इनपुट शॉर्ट’ किंवा ‘शून्य ओहम’ लिहिलं असेल तर माइकच्या जागी तारेचा तुकडा लावून मोजलंय, म्हणजे माइकची सूं हिशेबातच नाही. दोन प्रीअँपची तुलना करायची तर दोन्हींचे आकडे १५० ओहमला आणि एकाच वेटिंगने दिलेले हवेत. आणि ईआयएन नेहमी पूर्ण गेनवर मोजतात. मधल्या गेनला तो बिघडतो, पण तिथे माइकच तगडा असल्याने सहसा चालून जातं.

दुसरा आकडा गेनचा. तुमच्या माइकसाठी ६० ते ६५ डीबी असला की नॉब मधल्या आरामात राहतो. तिसरा इनपुट इम्पीडन्स: माइकच्या इम्पीडन्सच्या किमान पाच पट, बरा प्रीअँप म्हणजे २ किलोओहम आणि वर. डायनॅमिक माइकला एवढं पुरे. पुढेमागे पॅसिव्ह रिबन माइक (कॉइलऐवजी धातूच्या पातळ पट्टीचा) घेणार असाल तर आणखी जास्त चांगला, कारण कमी इम्पीडन्सवर रिबनचा खालचा आणि वरचा भाग दबतो.

माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये बसणारे छोटे बूस्टर, उदाहरणार्थ क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड, यांच्याबद्दल कुणी तरी सांगेलच. ते इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटमवर चालतात आणि २५-२७ डीबी वाढवून देतात. फँटम ते स्वतःच पितात, माइकपर्यंत जाऊ देत नाहीत, त्यामुळे कंडेन्सरला उपयोगाचे नाहीत. इंटरफेस जुना आणि सूं करणारा असेल, ईआयएन उणे १२० वगैरे, तर फरक कानाला कळतो. उणे १२८ वाल्यावर मात्र त्यांनी मिळते ती नॉबची सोय. सूं जेमतेम एखाददुसरा डीबी घटते, कधी तेवढीही नाही. तुमच्या बाबतीत ते घ्यायचं की नाही हे त्या १५० ओहमच्या प्लगलाच विचारा.

ट्यूब प्रीअँपकडे वळू. ट्यूब सूं कमी करण्यासाठी कुणी घेत नाही, बहुतेक वेळा ती वाढतेच. ट्यूब किंवा ट्रान्सफॉर्मर घेतात तो रंगासाठी, आणि ही मागणी चुकीची नाही. १९७० मध्ये रूपर्ट नीव्ह यांनी बनवलेल्या १०७३ मॉड्यूलची नक्कल आजही होते ती त्याच्या ट्रान्सफॉर्मरने खालच्या सुरांना येणाऱ्या भरदारपणासाठी. पण दोन गोष्टी पाहा. पहिली, ट्यूबला किती व्होल्ट मिळतात? १२एएक्स७ जातीची ट्यूब तिच्या मूळ स्वभावाने काम करते ती २००-३०० व्होल्टवर. डब्यात छोटा भिंतीचा अडॅप्टर, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नाही आणि समोर काचेतून चमकणारी नारिंगी ट्यूब असेल, तर ती उपाशी ट्यूब आहे. काम आतली चिप करते आणि ट्यूब वरून थोडी खरखर मिसळते. काही खिडक्यांमध्ये तर ट्यूबच्या मागे एलईडी बसवलेला असतो, तो तापतही नाही.

दुसरी गोष्ट, आउटपुटचा वेगळा नॉब आहे का? रंग येतो तो सर्किट जोरात चालवल्यावर. गेन वर ढकलायचा आणि आउटपुट खाली ओढायचा, तेव्हा आतला ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूब ताणली जाते आणि बाहेर बेताची पातळी येते. आउटपुट नॉब नसेल तर रंग चढायच्या आधीच इंटरफेस फुल होऊन आवाज फाटतो. मग लोक म्हणतात, या प्रीअँपमध्ये काहीच दम नाही.

वेगळा प्रीअँप घेतल्यावर होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो जोडण्याची. इंटरफेसच्या पुढच्या कॉम्बो जॅकमध्ये बाहेरचं तीन पिनांचं एक्सएलआर म्हणजे माइक इनपुट आणि मधलं पाव इंची भोक म्हणजे लाइन इनपुट. प्रीअँपच्या मागे आउटपुट एक्सएलआर असतो, हाताशी माइकची केबल असते, आणि माणूस ती सरळ माइक इनपुटमध्ये खुपसतो. झालं, नवा प्रीअँप जुन्या प्रीअँपमधून जातो आणि गेन अगदी शून्यावर ठेवला तरी मीटर लाल. एक्सएलआर फिमेल ते टीआरएस (पाव इंची जॅक) अशी बॅलन्स्ड केबल घ्या आणि मधल्या भोकात लावा. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ असं बटण असेल तर ते बंद ठेवा. ते थेट गिटार जोडण्यासाठी, १ मेगाओहमचं इनपुट असतं. चॅनेलचा गेन सगळ्यात खाली. काही इंटरफेसमध्ये लाइन इनपुटसुद्धा आत पातळी पाडून त्याच माइक प्रीअँपमधूनच फिरवलेलं असतं. गेनचा नॉब लाइनवरही काम करत असेल तर बहुधा तुमचा तसाच आहे. त्याने आवाज बिघडत नाही, फक्त ‘आम्ही आतला प्रीअँप टाळला’ असं म्हणता येत नाही.

फँटम आता प्रीअँपवरून द्यायचा, इंटरफेसवरचा बंद. आणि पातळी: बाहेरचे प्रीअँप अधिक २४ डीबीयूपर्यंत सहज जातात, घरगुती इंटरफेसचं लाइन इनपुट अधिक १६ ते २२ च्या दरम्यान फुल होतं. प्रीअँपच्या सुईवर विसंबू नका, कॉम्प्युटरच्या मीटरवर सरासरी उणे १८ आणि टोकं उणे १० ते उणे ६ यांच्या मध्ये ठेवा.

कन्व्हर्टरबद्दल फार लिहायला नको, कारण वर उणे ११० चा आकडा पाहिलाच आहे. २४ बिटचे कागदावर १४४ डीबी होतात, पण भारीतला भारी कन्व्हर्टरही १२०-१२५ डीबीच्या आसपासच थांबतो, आणि तुमच्या खोलीतून त्याला मिळतात ५०. तरी मनात शंका राहिली असेल तर स्वतःच्या कानाने निकाल लावा. इंटरफेसचा लाइन आउट १ टीआरएस केबलने लाइन इन १ ला जोडा. डायरेक्ट मॉनिटरिंग (आत आलेला आवाज कॉम्प्युटरला न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकवण्याची सोय) बंद करा आणि रेकॉर्ड होणारा ट्रॅक त्याच आउटपुटला पाठवू नका, नाहीतर आवाज फिरत राहून किंचाळेल. ओळखीचं एक रेकॉर्डिंग वाजवा, परत रेकॉर्ड करा, मग ते वाजवून पुन्हा रेकॉर्ड करा, असं पाच वेळा. पाचवी प्रत आणि मूळ प्रत यांची पातळी ०.१ डीबीपर्यंत जुळवा. हे कराच, कारण अर्धा डीबी मोठं असलेलं कानाला ‘जास्त स्वच्छ’ वाटतं. मग कोणाला तरी लपवून वाजवायला सांगा. १६ पैकी १२ वेळा किंवा जास्त बरोबर ओळखलंत तर फरक खरा मानायला हरकत नाही. आणि लक्षात घ्या, हा पाच वेळा कन्व्हर्टरमधून जाऊन आलेला आवाज आहे. तुमचं गाणं एकदाच जातं.

चिपच्या नावावरून भांडणारेही भेटतील. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएम या कन्व्हर्टर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा अनेक कंपन्यांना आपली डिझाइन बदलून दुसऱ्यांच्या चिप घालाव्या लागल्या. यंत्रं चालत राहिली. चिपभोवतीचा वीजपुरवठा, क्लॉक (नमुने घेण्याचा ठेका धरणारं घड्याळ) आणि अॅनलॉग भाग कसा बांधलाय यावर आवाज ठरतो.

वेगळा कन्व्हर्टर कधी घ्यायचा? चॅनेल कमी पडले की. दोन चॅनेलवर ड्रम होत नाहीत. पुढचा इंटरफेस घेताना अॅडॅट ऑप्टिकल इनपुट असलेला घ्या, म्हणजे एका बारीक केबलवर ४८ किलोहर्ट्‌झला ८ चॅनेल वाढवता येतात (९६ ला तेच ४ होतात). अॅडॅट आउट असलेल्या ८ चॅनेलच्या प्रीअँपमध्ये कन्व्हर्टर आतच असतो. फक्त दोघांपैकी एकालाच क्लॉकचा मालक करा आणि दुसऱ्याला त्याच्यामागे चालायला सांगा. दोघेही मालक झाले की दर काही सेकंदांनी टिक-टिक ऐकू येते आणि दोष केबलला दिला जातो.

१९२ किलोहर्ट्‌झचं म्हणाल तर, हा आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे ते. ४८ किलोहर्ट्‌झवर २४ किलोहर्ट्‌झपर्यंतचे सूर पकडले जातात, माणसाचा कान २० लाच थांबतो. एका मोनो ट्रॅकला ४८ वर मिनिटाला ८.६४ एमबी लागतात, १९२ वर ३४.५६, आणि प्रोसेसरवरचा बोजाही त्याच प्रमाणात. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट लावा आणि विसरून जा. त्यापेक्षा लेटन्सीकडे, म्हणजे गायलेलं हेडफोनमध्ये यायला लागणाऱ्या उशिराकडे लक्ष द्या: गाताना बफर १२८ सॅम्पलवर ठेवला तर ४८ वर एका बाजूचे २.७ मिलिसेकंद होतात, येण्याजाण्याचे मिळून आणि ड्रायव्हरची भर धरून त्याच्या दुपटीहून थोडे जास्त. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर ते कन्व्हर्टरचं पाप नाही. तो याच उशिराचा परिणाम आहे. डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा आणि सॉफ्टवेअरमधला तो ट्रॅक म्यूट करा.

मिक्समध्ये सूं अचानक का उगवते तेही सांगून टाकू. कॉम्प्रेसरने (मोठे आवाज दाबणाऱ्या यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने) १० डीबी दाबून तेवढेच वर उचलले की दोन ओळींमधल्या शांततेतली सूं १० डीबीने वर येते. ओळींमधल्या मोकळ्या जागा कॉम्प्रेसरच्या आधी हाताने कापून, कडांना छोटे फेड द्या. श्वास मात्र कापू नका.

आता तो वापरलेला ट्यूब प्रीअँप. वरची चाचणी झाल्यावरही रंगासाठी हवासा वाटला, तर बघायला जाताना मल्टिमीटर, हेडफोन, तुमचा माइक, इंटरफेस, केबल आणि तो १५० ओहमचा प्लग घेऊन जा. प्रीअँप दहा मिनिटं तापू द्या. फँटम चालू करून, माइक न लावता, इनपुटच्या १ आणि २ नंबरच्या पिनांमधला डीसी व्होल्टेज मोजा, मग १ आणि ३ मधला. दोन्ही ४४ ते ५२ च्या मध्ये आणि एकमेकांशी अगदी जुळते हवेत. एका पिनेवर ४८ आणि दुसरीवर ४० असेल तर आतला ६.८ किलोओहमचा एक रेझिस्टर किंवा त्यामागचा कपॅसिटर गेलाय. फँटम बंद करून मिनिटभर थांबा, प्लग लावा, गेन पूर्ण वाढवून हेडफोनमध्ये ऐका. एकसारखी सूं चालेल. मधूनच तडतड, फुटाणे फुटल्यासारखा आवाज असेल तर ट्यूब संपत आलीय. ती बदलता येते, तेव्हा तेवढा भाव पाडून मागा. पेन्सिलच्या रबरी टोकाने ट्यूबवर हलकी टिचकी मारा. हेडफोनमध्ये घंटेसारखं वाजलं तरी ट्यूब बदलावी लागेल. शेवटी प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. सगळीकडे बारीक खरखर असेल तर ती धुळीची, क्लीनर मारून जाते. एकाच जागी आवाज पूर्ण गायब होत असेल तर तो पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) झिजलाय, आणि तसाच पॉट जुन्या यंत्रासाठी मिळेल याची खात्री करून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.